आठ महिन्यांत अर्धा सेंटीमीटर

१

औषध मेलेलं होतं.

प्रयोगशाळेच्या अहवालात असं लिहिलेलं नव्हतं अर्थात. तिथे 'प्रथिनाच्या गुठळ्या', 'क्रियाशीलता नगण्य', 'अयोग्य तापमानाची शक्यता' असे सभ्य शब्द होते आणि खाली एक न वाचता येणारी सही. पण सफियाने सरकारच्या औषध खात्यात निरीक्षक म्हणून सत्तावीस वर्षं काढली होती. मेलेलं औषध तिला कागदावरूनही कळायचं. तिने अहवाल डॉक्टर वरदच्या टेबलावर टाकला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"म्हणजे इंजेक्शनच्या पेनात पाणी भरलं होतं?" वरदने विचारलं.

"पाणी भरलं असतं तर बरं झालं असतं. आत्तापर्यंत कुणाची तरी मानगूट माझ्या हातात असती. औषध खरं, कंपनी खरी, बॅच खरी. फक्त त्यात जीव नाही."

वाशीतलं हे क्लिनिक मुलांच्या हार्मोनच्या आजारांचं होतं. एक ट्रस्ट चौदा मुलांना वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं फुकट द्यायचा, आणि त्या औषधांवर नजर ठेवायला निवृत्त सफियाला आठवड्यातून तीन दिवस बोलवायचा. चौदांपैकी तेरा मुलं वेलीसारखी वाढत होती. चौदावी नमिता. वय बारा, उंची एकशे बावीस. मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळामागे वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. नमिताची ती ग्रंथी वाढीचा हार्मोन जवळजवळ बनवतच नव्हती. म्हणून रोज रात्री झोपण्याआधी एक इंजेक्शन. पहिल्या सहा महिन्यांत पोर साडेचार सेंटीमीटर वाढली. घरात पेढे वाटले. आणि मग, गेल्या दसऱ्याच्या सुमाराला, गाडी थांबली. आठ महिन्यांत अर्धा सेंटीमीटर.

"शनिवारी ट्रस्टची समिती बसतेय," वरद म्हणाला. "नऊ मुलं रांगेत आहेत. समिती म्हणणार, हिला औषध लागू पडत नाही. हा अहवाल दाखवला तर म्हणणार, घरचे औषध नीट ठेवत नाहीत. दोन्हीकडून नाव कटणार."

"आणि कटलं तर?"

"हाडांची टोकं बंद होईपर्यंतच हा खेळ असतो, सफियाताई. एक्स-रे बघून सांगतो, तिच्याकडे फार तर अडीच वर्षं आहेत. नंतर जगातलं सगळं औषध ओतलं तरी एक बोट वाढणार नाही."

आज मंगळवार होता. औषध कुठे मेलं आणि पुन्हा का मरणार नाही, हे शनिवारच्या आत लिहून द्यायचं होतं. सफियाने टेबलावरचे तीन रिकामे खोके ओढले. नमिताच्या घरून मागवलेले, गेल्या तीन महिन्यांचे. एक नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"मासळी."

"त्यांचं मासळीचंच घर आहे. आजी विकायची."

"फ्रीज तपासलात?"

वरदने एक छापील पट्टी पुढे केली. गेल्या आठवड्यात नर्सने त्या घरच्या फ्रीजमध्ये तापमान नोंदवणारं यंत्र ठेवलं होतं. सात दिवस, सात रात्री. रेघ चार आणि पाच अंशांच्या मधून अशी सरळ गेली होती, जशी पट्टीने आखलेली. औषधाला दोन ते आठ चालतं.

फ्रीज निर्दोष. म्हणजे माणसं राहिली.

"मे महिना आहे," वरद म्हणाला. "कुणीतरी ते उन्हात ठेवलंय."

सफियालाही तेव्हा तेच वाटलं. दोन दिवसांनी ती स्वतःला यासाठी शिव्या देणार होती.

२

बासितचं औषधांचं दुकान स्टेशनपासून जवळ होतं. तो महापेच्या गोदामातून माल आणायचा आणि दर महिन्याच्या एक तारखेला चौदा कुटुंबांना खोके द्यायचा. सफियाला दारात बघून त्याने आधी हात जोडले, मग स्टूल पुढे केलं.

"या आपा. आता काय एक्स्पायर झालंय माझं?"

"फ्रीज उघड."

त्याने उघडला. आत दोन थर्मामीटर, बाजूला एका वहीत दर चार तासांची नोंद. सफियाने मागचे आठ महिने चाळले. एकही दिवस गाळलेला नव्हता, आणि खोटी वही कशी दिसते ते तिला चांगलं ठाऊक होतं. खोट्या वहीत सगळं एकाच पेनाने लिहिलेलं असतं.

"आपा, माझ्या घराला इन्व्हर्टर नाही, या फ्रीजला आहे," बासित म्हणाला. "बायको रोज बोलते त्यावरून."

"नमिताच्याच बॅचचे खोके आणखी कुणाला दिले?"

"चार पोरांना. त्यातला एक, माझ्या मावसभावाचा उसामा, या महिन्यात त्याची पँट पुन्हा खाली सोडायला लागली."

हेही दार बंद. एकच बॅच, एकच फ्रीज, एकाच दिवशी वाटप. चार मुलं वाढतात, पाचवी नाही. म्हणजे जे काही घडतंय ते दुकानाच्या पायरीनंतर घडतंय. सफिया उठली, तसा बासितने आवाज खाली आणला.

"बोलू का नको कळत नव्हतं. तिचा बाप, प्रीतम. सीवूड्सला जिम आहे त्याची. या औषधाला जिमवाल्यांत काय मागणी आहे तुम्हाला माहितीय. गेल्या महिन्यात आला होता. दोन पेनं जादा पायजेत म्हणाला. चिठ्ठीशिवाय, बिलाशिवाय."

"मग?"

"नाही बोललो. पण आपा, त्याचा चेहरा असा होता, की मी नाही दिली तर दुसरीकडून घेणार."

३

प्रीतम दारातून आत आला की दार लहान वाटायचं. एके काळी शरीरसौष्ठवात जिल्ह्यात तिसरा आलेला हा गडी, आणि पोरगी जेमतेम त्याच्या छातीला लागत होती. जिमच्या काचेच्या खोलीत त्याने सफियासाठी पंखा लावला आणि स्वतः उभाच राहिला.

"इंजेक्शन कोण देतं?"

"मीच. रोज नऊ वाजता. फॉर्मवर माझंच नाव आहे."

"जिम किती वाजता बंद होते?"

"साडेदहा."

सफिया गप्प राहिली. चौकशीत गप्प राहण्यासारखं हत्यार नाही. काचेपलीकडे कुणीतरी वजन धाडकन खाली टाकलं.

"मॅडम, तुमी काय समजताय ते मला कळतंय," प्रीतमचा आवाज चढला. "मी पोरीचं औषध विकतो, असंच ना?"

"बिलाशिवाय दोन पेनं कशाला हवी होती?"

"डबल द्यायला!"

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? नमिताला!" तो खुर्चीत बसला तशी ती करकरली. "इथे पोरं येतात, सहा महिन्यांत त्यांचे दंड डबल होतात. ते मी करून देतो. आनि माझी पोरगी तिथल्या तिथे. मला वाटलं डॉक्टर हात आखडता घेतोय. फुकटचं औषध, देत असेल थोडं थोडं. म्हटलं आपण वाढवून बघू."

"हार्मोन म्हणजे प्रोटीन पावडर नव्हे. डबल दिलं तर साखर वाढते, सांधे सुजतात, डोकं ठणकतं. पिट्युटरीचं काम असं मनाने कमी-जास्त करून चालत नाही."

"म्हणून तर नाय दिलं ना. मिळालंच नाय." त्याने मान खाली घातली. "आनि खरं सांगतो. इंजेक्शन मी देत नाय. नर्सने मला शिकवलं, पण सुई बघितली की माझा हात थरथरतो. वैशाली देते. फॉर्मवर नाव बदललं तर औषध बंद करतील, म्हणून बोललो नाय."

एवढा मोठा माणूस आणि लपवलं काय, तर सुईची भीती. सफियाला हसू यायला हवं होतं. आला तो संताप. या प्रकरणात ज्याला धरावं तो निर्दोष निघत होता, आणि निर्दोष निघताना एक खोटंही सोडून जात होता. साप म्हणून भुई धोपटायची आणि हाताला फोड तेवढे यायचे.

ती दारापर्यंत गेली, तेव्हा तो मागून म्हणाला, "एक आहे. वैशाली सांगत होती, औषधाचा खोका कधी कधी ओला असतो."

"ओला? फ्रीजमध्ये?"

"तिलाच विचारा."

४

सीवूड्सच्या मॉलमागे गावठाण आहे. जुन्या शेतांवर उभ्या राहिलेल्या चार मजली इमारती, तळमजल्यावर भाडेकरू, वर मालक. प्रीतमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बुधवारी संध्याकाळी सफिया पोचली तेव्हा दार नमितानेच उघडलं. गुडघे खरचटलेले, अंगात कबड्डी शिबिराचा ढगळ टी-शर्ट.

"तुमी पोलीस?"

"तसंच काहीसं होते."

"मग पकडा ना लवकर. शिबिरात मला तिसरीतल्या पोरींच्यात टाकलंय. त्या मला 'ताई' बोलतात आनि माझ्यापेक्षा उंच आहेत."

"सुई दुखते का ग?"

"सवय झाली. कधी कधी एकदम बर्फ लागते फक्त."

"फ्रीजमधून काढलं की दहा मिनिटं बाहेर ठेवायचं असतं," सफिया आत बघत म्हणाली. वैशाली नुकतीच महापेच्या ऑफिसातून आली होती, खांद्यावरची पर्सही उतरवली नव्हती. सकाळी साडेसातला बाहेर, संध्याकाळी सातला घरी. मधल्या वेळचं घर सासूच्या ताब्यात.

"खोका ओला असतो म्हणे?"

"कधीतरी. मला वाटलं फ्रीजला पाणी सुटतं," वैशाली म्हणाली. "मॅडम, मी एकही दिवस चुकवलेला नाही. ताप आला तरी दिलंय. मी रोज घड्याळ लावून देते. मग का नाही वाढत ती?" तिचा आवाज फाटला. तिने तो पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत सावरला.

स्वयंपाकघर लखलखीत होतं. फ्रीजच्या दारावर चुंबकाने एक कागद लावलेला. वरदचं चित्र. त्याला चित्रं काढायची हौस होती, आणि हे सगळ्या चौदा घरांत होतं. माणसाचं डोकं, बाजूने कापलेलं, मेंदूखाली लाल वाटाणा, आणि त्या वाटाण्यातून निघालेला बाण थेट इंजेक्शनच्या पेनाकडे. शब्द एकही नाही. वरद म्हणायचा, शब्दांनी लोक घाबरतात.

सफियाने दार उघडलं. मधल्या फळीवर औषधाचा खोका. शेजारी लोणी, दूध, कोपऱ्यात लिंबाची फोड. तिने आत डोकं घालून वास घेतला. फ्रीजला लागूनच देव्हारा होता, त्यामुळे आला असेल तर धुपाचा, बाकी कशाचाच नाही. पाणीही कुठे सुटलेलं नव्हतं.

"जरा सरा, बाय."

प्रीतमची आई, पुतळाबाई, सफियाला बाजूला करून फ्रीजपुढे बसली. नऊवारीचा काष्टा, मनगटं पुरुषासारखी. तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकलेली बाई. तिने अंडी काढली, कोलंबीच्या कालवणाचं पातेलं काढलं आणि मागच्या गॅलरीकडे निघाली. तिथे दोन माणसं मावतील एवढी पांढरी माशांची पेटी घरघरत होती, धंद्याच्या दिवसांतली.

"हे कुठे नेता?"

"उद्या गुरवार हाय. ह्या फ्रीजमदी निवद र्‍हातो देवाचा. मटनमच्छी, अंडी काय बी चालत नाय." ती थांबली. "नमिताच्या नावानं धरलेत गुरवार. पोर वाढूं दे म्हनून. दिवसभर पानी पन घेत नाय मी. दिवा लागला, निवद दाखवला, का मंगच."

"जेवून जा," वैशाली म्हणाली.

सफियाला भूक नव्हती. तिला ऊन सापडत नव्हतं. या घरात कुठेही, कुणाच्याही हातून, औषधाला ऊन लागत नव्हतं.

५

गुरुवारी सकाळी ती महापेच्या गोदामात गेली. तिथल्या अंकुश नावाच्या व्यवस्थापकाने न कुरकुरता शीतगृह दाखवलं, गाडीच्या नोंदी दाखवल्या, शिवाय चहा पाजला. सगळं ठीक. सगळं इतकं ठीक होतं की सफियाला एखादं भांडं भिंतीवर मारावंसं वाटलं.

दुपारी ती क्लिनिकमध्ये येऊन बसली. वरदने विचारलं, "काही?" परवा समिती. तिने कोरा कागद ओढला, 'निष्कर्ष' असं लिहिलं आणि पेन ठेवून दिलं. वीज जाते का? रेघ सरळ आहे. वैशाली खोटं बोलते? खोटं बोलणारी आई 'का नाही वाढत' असं विचारत नाही. प्रीतम विकतो? मग तो मेलेलं औषध परत आणून का ठेवेल, रिकामं पेन नसतं का ठेवलं? चौकशी म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत.

तिने चिडून समोरचा रिकामा खोका टेबलावर आपटला. पुठ्ठा मऊ पडला होता, कडा फुगल्या होत्या. आपटल्यावर पुन्हा तो वास आला.

मासळी.

सफियाने खोका पुन्हा नाकाशी नेला.

काल तिने त्या फ्रीजमध्ये डोकं घातलं होतं. तिथे मासळीचा वास नव्हता, धुपाचा होता. खोका महिनाभर त्या फ्रीजमध्ये राहतो. मग मासळीचा वास त्याला लागला कुठे? पुठ्ठा ओला होऊन फुगला कुठे? फ्रीजमध्ये पाणी सुटत नाही. थंड जागेतून कमी थंड जागेत आणलेली वस्तू मात्र ओली होते. आणि बर्फासारखी सुई. पोर सांगत होती, आणि सत्तावीस वर्षांची अनुभवी बाई तिला दहा मिनिटं बाहेर ठेवायचा उपदेश करत होती.

"आपण गाढव आहोत," ती मोठ्याने म्हणाली.

"आपण?" वरदने विचारलं.

"अयोग्य तापमान म्हटल्यावर दोघांनाही ऊनच दिसलं. गोठवलं तरी हे औषध मरतं. एकदा बर्फ झाला की संपलं, परत वितळवलं तरी जीव येत नाही. आणि ते यंत्र! यंत्राने फ्रीजचं तापमान मोजलं, डॉक्टर. औषधाचं नाही. औषध उठून गेलं, यंत्र तिथेच बसून राहिलं."

"उठून कुठे गेलं?"

सफियाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. अडीच वाजले होते आणि आज गुरुवार होता.

६

पुतळाबाई घरात एकटी होती. ओठ कोरडे पडलेले, पण देव्हारा फुलांनी भरलेला. सफियाने चपला काढल्या आणि विचारलं, "फ्रीज उघडू?"

"उघडा ना."

मधल्या फळीवर झाकलेली खिरीची वाटी होती. औषध नव्हतं.

"आता ती माशांची पेटी उघडा, पुतळाबाई."

म्हातारी उठली, गॅलरीत गेली आणि झाकण वर केलं. सुरमईचे तुकडे, बोंबलांच्या पिशव्या, कालचं कोलंबीचं पातेलं, आणि त्यावर स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला, पांढरा बर्फ धरलेला औषधाचा खोका. सफियाने एक पेन काढून उजेडात धरलं. आतलं औषध काचेसारखं घट्ट होतं.

"दर गुरुवारी?"

"सून कामाला गेली का ठेवतंय. ती यायच्या आधी परत जागेवर. तिच्या देखत ठेवला तर भांडंल ती." पुतळाबाईला अजून काही कळलेलं नव्हतं. ती स्वतःच्या बाजूने खुलासा करत होती. "फेकत नाय मी बाय. थंड जागंतच ठेवतंय. ह्या पेटीमदी आठ दिवस मासली र्‍हाते, मंग दवा खराब व्हईल का?"

"पण काढायचंच कशाला?"

"निवदाच्या बाजूला कसा ठेवनार? ता भेज्यातला हाय ना?"

सफियाला आधी समजलंच नाही. मग पुतळाबाईने आत जाऊन फ्रीजच्या दारावरच्या चित्रावर बोट ठेवलं. कापलेलं डोकं. लाल वाटाणा. वाटाण्यातून पेनाकडे जाणारा बाण.

"डागदरनंच दिलाय. मना वाचाया येत नाय, पन चित्र कलतं. कोनाच्या तरी भेज्यातून काढून आमच्या पोरीला देतात. देतात तं देऊं दे, पोर वाढली पायजे. म्हनून मी कोनाला काय बोलले नाय. पन देवाजवल नाय चालत."

चूक कुठेच नव्हती. बाईने चित्र बरोबर वाचलं होतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी हे औषध खरोखरच मेलेल्या माणसांच्या ग्रंथींतून काढायचे. आता ते कारखान्यात बनतं, त्यात कुणाचाही भेजा नसतो, एवढं एक वाक्य कुणी या बाईला सांगितलं नव्हतं. आईबापांना बोलावलं, शिकवलं, सह्या घेतल्या. आणि दिवसभर ज्या बाईच्या ताब्यात तो फ्रीज असायचा, तिच्या हातात एक बिनशब्दांचं चित्र.

सफियाला कुणावर तरी ओरडायचं होतं. तीन दिवसांचा राग साठला होता आणि समोर उपाशी म्हातारी होती.

"गुरुवार कधी धरलेत?"

"दसऱ्याला. पोर वाढायला लागली व्हती ना. म्हटला देवानं हात दिलाय, आता आपन बी कायतरी करावा."

एक तारखेला नवा खोका यायचा. पहिला गुरुवार उजाडेपर्यंत औषध जिवंत. त्यानंतर महिनाभर नमिताला मेलेल्या सुया. आठ महिने.

सफियाने तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. घोळवून नाही, सरळ. मासा गोठवला तर टिकतो, कारण तो मेलेलाच असतो. हे औषध गोठवलं तर मरतं. पुतळाबाईने सगळं ऐकून घेतलं. मधेच तिने सफियाच्या हातातलं पेन घेतलं, उजेडात धरलं आणि बराच वेळ बघितलं.

"म्हंजे मीच?"

हो म्हणायला सफियाला फार जड गेलं. पण तिने म्हटलं.

७

सफियाने लगेच वरदला फोन करून सगळं सांगितलं.

"ते चित्र मी काढलंय," तो म्हणाला.

"हो. आता तेही लिहा समितीला."

"लिहितो. औषध कुठे मेलं ते कळलं, पुन्हा मरणार नाही हेही कळलं. यावर नाव कापायची त्यांची छाती होणार नाही. ट्रस्टकडून एक छोटा फ्रीज मागतो, फक्त औषधाचा. आणि सफियाताई, गेलेले आठ महिने पूर्ण भरून निघणार नाहीत, हे घरच्यांना सांगा. थोडं निघेल. सगळं नाही."

तेही तिलाच सांगायचं होतं.

संध्याकाळी प्रीतम जिम सोडून आला, वैशाली लवकर आली. दोघांना सगळं सांगून झालं तेव्हा वैशाली भिंतीला टेकून उभी राहिली आणि प्रीतम आईकडे बघेना. कुणी कुणाला दोष देईना. त्या घरात सगळे एकमेकांना इतकं जपत होते की गेले आठ महिने कुणी कुणाला काही विचारलंच नव्हतं. सासू सुनेला घाबरून गप्प, नवरा फॉर्मला घाबरून गप्प, सून सासूच्या फ्रीजबद्दल बोलायचं नाही म्हणून गप्प. सफियाला वाटलं, यांच्यातल्या एकाने जरी भांडण काढलं असतं तरी पोर चार बोटं वाढली असती.

"नमिताला नको सांगू या," प्रीतम म्हणाला. "औषध खराब आलं होतं असं सांगू."

"नाय," पुतळाबाई म्हणाली. दिवसभरात ती प्रथमच मोठ्याने बोलली. "मी सांगनार."

नमिता शिबिरातून धुळीने माखून आली. म्हाताऱ्या बाईने तिला समोर उभं केलं आणि काही न लपवता सांगितलं. पेटी, गुरुवार, चित्र, सगळं. आपली चूक म्हणताना तिचा आवाज कापला नाही. कापला तो 'आठ महिने' म्हणताना.

नमिताने बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे मी रोज सुई टोचून घेतली ती फुकट?"

"व्हय बाय."

"रोज? माझ्या वाढदिवसाला पन? शिबिरात त्या पोरी मला उचलून बाजूला ठेवतात, माहितीय? उचलून! आनि मी घरी येऊन भिंतीवर रेघ मारते आनि रेघ तिथेच, आनि मला वाटायचं माझ्यातच कायतरी खराब आहे! मला वाटायचं मीच!" तिचा चेहरा लालबुंद झाला. "तुला कुणी सांगितला होता उपास? मी सांगितला होता? मला नको होता तुझा उपास!"

"नमिता!" वैशाली पुढे झाली. "आजीशी असं बोलतात?"

सफियाने वैशालीचा दंड धरला. कालपासून ती या घरात एक खरा आवाज शोधत होती.

पुतळाबाई खुर्चीवरून उठली नव्हती, नजर वळवली नव्हती. तिने हात वर करून सुनेला मागे सारलं.

"बोलूं दे तिला," ती म्हणाली. "बोल बाय. आजून बोल."

आणि नमिता बोलत राहिली.